पापणीआडचा रंग

आपल्या घरी मुलांना जंताचे औषध द्यायचे म्हणजे एक गोळी, वर चमचाभर साखर, की संपले प्रकरण! रानात चरणाऱ्या शेळीचे तसे नाही. तिच्या पोटातल्या जंतांपायी एखाद्या गरीब घराचे वर्षाचे गणित कोलमडते.

गेल्या श्रावणात मी यवतमाळ जिल्ह्यातल्या महागावला गेलो होतो. तिथे एका आजींच्या पाच शेळ्या पशुवैद्य तपासत होते. एक शेळी मलूल उभी होती. जबड्याखाली पाणी भरल्यासारखी सूज. डॉक्टरांनी तिची खालची पापणी ओढून दाखवली. आत कागदासारखा पांढराफटक रंग!

"हे नातीच्या फीसाठी ठेवली हाये, डाक्टरसायेब," आजी हळूच म्हणाल्या.

हा प्रताप हिमॉन्कस नावाच्या जंताचा. लांबी बोटाच्या पेराएवढी, मादी लाल-पांढऱ्या पिळाच्या दोऱ्यासारखी. शेळीच्या पोटाच्या चौथ्या कप्प्यात बसून तो रक्त पितो. हजार जंत असले तर दिवसाकाठी सुमारे 50 मिलिलिटर, म्हणजे जवळजवळ अर्धा कप रक्त! एक मादी रोज 5000 वर अंडी घालते. ती लेंड्यांतून बाहेर पडतात आणि पावसाळी उबेत आठवड्याभरात अळ्या ओल्या गवतावर चढतात, पण बहुतेक बुडाजवळच राहतात. शेळी मूळची झुडपांचा पाला ओरबाडणारी. गायरान आक्रसले, झुडपे तुटली, की तिलाही बुडाशी तोंड घालावे लागते.

डॉक्टरांनी वजन पाहून त्या एकीलाच औषध पाजले.

"बाकीच्याइले कावून नाई?" आजींनी विचारले.

"त्यांच्या पापण्या लाल आहेत, आजी. सगळ्यांना सरसकट पाजत राहिलो, तर औषधाला न जुमानणारे जंतच तेवढे उरतील आणि त्यांचीच पिलावळ वाढेल."

याच विचाराने दक्षिण आफ्रिकेत 1990 च्या दशकात पापणीच्या पाच रंगछटांचा तक्ता तयार झाला. आयव्हरमेक्टिन या जंतनाशकाच्या मुळाशी असलेल्या शोधासाठी कॅम्बेल आणि ओमुरा यांना 2015 साली नोबेल पारितोषिक मिळाले. पण त्यालाही दाद न देणारे जंत आज अनेक देशांत आहेत.

शहरात बसून उंटावरून शेळ्या हाकणे सोपे! डॉक्टरांनी आजींना दोनच गोष्टी सांगितल्या: दव सुकल्यावर शेळ्या सोडा आणि पावसाळाभर दर पंधरवड्याला पापण्या पाहा. आजारी शेळी वाचेलच, असे मात्र त्यांनी सांगितले नाही. आजींनी तेवढ्यात दुसऱ्या शेळीची पापणी उजेडाकडे वळवली होती.