घरी छापलेला फोटो वर्षभरात नारंगी का पडतो?

घरच्या प्रिंटरवर हौसेने फोटो छापला, भिंतीवर चिकटवला आणि वर्षभरात आकाश मळकट, चेहरे तांबूस! बऱ्याच घरांत हे घडतं आणि दोष उन्हाला दिला जातो. उन्हाने रंग उडतो हे खरंच आहे, पण जिथे ऊन कधीच येत नाही त्या भिंतीवरचे फोटोही उडतात. तिथला चोर हवेत असतो. त्याचं नाव ओझोन.

२००० साली एप्सनने स्टायलस फोटो ८७० आणि १२७० हे प्रिंटर आणले. ठरावीक कागदावरचे फोटो १० वर्षं टिकतील असा दावा होता. पण काही ग्राहकांचे फोटो काही आठवड्यांतच नारंगी झाले. दावा उजेडाला रंग किती टिकतो यावर आधारलेला होता, हवेतल्या ओझोनसारख्या वायूंचा हिशेब त्यात नव्हता. या वायूंनी सायन, म्हणजे निळसर शाई खाल्ली. निळं गेलं की मागे उरतात गुलाबी आणि पिवळा, म्हणून फोटो नारंगी!

यात कागदाचाही हात असतो. छापल्याबरोबर सुकणाऱ्या चकचकीत फोटो पेपरवर अतिसूक्ष्म छिद्रांचा थर असतो. शाई त्यात झटकन शोषली जाते, पण त्याच छिद्रांतून हवाही आत शिरते. डाय शाईचे रेणू सुटे असल्याने ओझोन त्यांना सहज तोडतो. पिगमेंट शाईत रंगाचे घट्ट कण असतात. बाहेरचे रेणू झिजले तरी आतले शाबूत राहतात, म्हणून ती कितीतरी जास्त टिकते. घरगुती इंक टँक प्रिंटरमध्ये रंगीत शाई बहुधा डायच असते. काळी पिगमेंट असली तरी फोटो वाचत नाही, कारण उडतात ते रंग. बाटलीवर काय लिहिलंय ते एकदा बघाच.

मग उपाय? काचेची फ्रेम. हवा अडली की निम्मी लढाई तिथेच जिंकली. काच फोटोला चिकटू नये म्हणून मध्ये पुठ्ठ्याची चौकट हवी. अतिनील किरण अडवणारी काच मिळाली तर उत्तम, पण साध्या उजेडानेही रंग उडतो, त्यामुळे खिडकीसमोरची भिंत नकोच. ओझोन सोडणारा एअर प्युरिफायर खोलीत असेल तर फोटो दुसरीकडे हलवा. चिकट पानांचे जुने अल्बम टाळा, पॉलिप्रॉपिलिनचे पाकीट चांगले. आजी-आजोबांचा कायम भिंतीवर राहणारा फोटो मात्र लॅबमधून फोटोग्राफिक कागदावर काढलेला बरा आणि मूळ फाइल दोन ठिकाणी जपलेली बरी.

फ्रेम करायची घाई मात्र नको. हाताला कोरडा लागला तरी शाईतला द्रव हळूहळू उडत असतो आणि काचेवर आतून धुरकट थर जमतो. फोटोवर साधा कागद ठेवून किमान २४ तास जाऊ द्या. पावसाळ्यात दोन दिवस.