दक्षिण अमेरिका : राजधानी, चलन आणि भाषा

८ मे २०२५ रोजी नवनिर्वाचित पोप लिओ चौदावे संत पेत्र महामंदिराच्या सज्जात आले, तेव्हा त्यांनी जगाला उद्देशून केलेले पहिले भाषण इटालियन भाषेत होते. मध्येच श्रोत्यांची अनुमती मागून ते स्पॅनिशमध्ये बोलू लागले आणि पेरू देशातील आपल्या चिक्लायो धर्मप्रांताला त्यांनी अभिवादन केले. शिकागोत जन्मलेल्या पोपमहोदयांच्या मुखातून त्या सायंकाळी इंग्रजीचा एक शब्दही आला नाही. त्यांचे पूर्वसूरी पोप फ्रान्सिस हे तर ब्युनोस आयर्सचेच सुपुत्र. साहजिकच गेल्या काही वर्षांत दक्षिण अमेरिकेतील गावांची आणि देशांची नावे आपल्या कानांवर वारंवार पडू लागली आहेत.

भूगोलाच्या पुस्तकात या खंडाची ओळख तीन रकान्यांत दिलेली असते : राजधानी, चलन आणि भाषा. विद्यार्थी ती पाठ करतात व परीक्षेनंतर विसरून जातात. हे तीन रकाने आम्ही येथे जरा उलगडून पाहणार आहोत. कोणाचे राज्य आले, कोणाची पुंजी बुडाली आणि कोणाची बोली मुकी झाली, याची हकीकत त्या सुट्या शब्दांमागे दडलेली आहे.

यादी प्रथम उरकून टाकू. खंडात १२ स्वतंत्र देश आहेत. त्यांपैकी नऊ देशांचा कारभार स्पॅनिशमध्ये चालतो : अर्जेंटिना (राजधानी ब्युनोस आयर्स), चिली (सॅन्टियागो), कोलंबिया (बोगोटा) आणि उरुग्वे (मॉन्टेव्हिडिओ) या चौघांच्या चलनाचे नाव पेसो, मात्र प्रत्येकाचा पेसो निराळा आणि मोलही निराळे, पेरू (लिमा) येथे सोल, बोलिव्हियात बोलिव्हियानो, पॅराग्वे (आसुन्सियोन) येथे ग्वारानी, व्हेनेझुएला (काराकास) येथे बोलिव्हार आणि इक्वेडोर (किटो) येथे चक्क अमेरिकी डॉलर. ब्राझीलची राजधानी ब्राझिलिया, चलन रेआल व भाषा पोर्तुगीज. गयानाची राजधानी जॉर्जटाउन असून तेथे इंग्रजी चालते, तर सुरिनामच्या पारामारिबोत डच. दोघांचेही चलन आपापला डॉलर. याखेरीज फ्रेंच गियाना हा फ्रान्सचाच एक प्रांत असल्याने कायेन येथील बाजारात युरो चालतो, आणि फॉकलंड बेटांवर ब्रिटनची सत्ता आहे.

एकाच खंडात शेजारी पेरू स्पॅनिश बोलतो आणि ब्राझील पोर्तुगीज, असे का, हा प्रश्न आम्हाला अनेकांनी विचारला आहे. याचे उत्तर ७ जून १४९४ रोजी स्पेनमधील तोर्देसिलास या लहानशा गावी झालेल्या तहात आहे. केप व्हर्द बेटांच्या पश्चिमेला ३७० लीग अंतरावर एक उभी रेषा कल्पून स्पेन व पोर्तुगाल यांनी नवी भूमी आपसांत वाटून घेतली. रेषेच्या पूर्वेचे ते पोर्तुगालचे. ज्यांच्या भूमीची वाटणी होत होती, त्यांना याची वार्ताही नव्हती. पुढे १५०० साली पेद्रो काब्राल हा पोर्तुगीज दर्यावर्दी तेरा जहाजांचा ताफा घेऊन निघाला तो भारताकडे. वाटेत २२ एप्रिल रोजी त्याला ब्राझीलचा किनारा दिसला. तेथे काही दिवस थांबून तो कालिकतला येऊन पोहोचला. ब्राझीलचा आणि आपल्या पश्चिम किनाऱ्याचा इतिहास असा एकाच सफरीने जोडला गेला. ती कल्पित रेषा पुढे पोर्तुगीज वसाहतवाल्यांनीच कितीतरी पश्चिमेकडे ढकलली. म्हणून आज ब्राझीलने खंडाचा जवळजवळ निम्मा भाग व्यापला आहे.

राजधान्यांची कथाही परक्यांच्या सोयीपासून सुरू होते. इंका राजांची राजधानी कुस्को ही अँडीज पर्वतात होती. स्पॅनिश सेनानी पिझारो याला मायदेशाशी संपर्क ठेवण्यासाठी बंदर हवे होते; म्हणून १५३५ साली त्याने समुद्रकाठी लिमा वसवले. बोलिव्हियाचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. घटनेनुसार तेथील राजधानी सुक्रे. परंतु राष्ट्राध्यक्ष, मंत्रिमंडळ आणि संसद सुमारे ३,६०० मीटर उंचीवरच्या ला पाझ येथे. १८९९ च्या यादवी युद्धात ला पाझच्या पक्षाची सरशी झाली आणि कारभार तिकडे गेला. सुक्रेकडे सर्वोच्च न्यायालय आणि राजधानीचा मान एवढेच उरले. परीक्षेत यांपैकी कोणतेही एक नाव लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण कापू नयेत, असे आमचे मत आहे.

ब्राझीलने तर राजधानी दोनदा हलवली. १५४९ पासून साल्वादोर, १७६३ पासून रिओ दी जानेरो आणि २१ एप्रिल १९६० पासून ब्राझिलिया. रिओच्या काळातील एक गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नसते. नेपोलियनच्या फौजा चालून आल्यामुळे पोर्तुगालचे राजघराणे १८०८ साली रिओला जाऊन राहिले ते १८२१ पर्यंत. त्या तेरा वर्षांत गोवा, दमण आणि दीव यांचे राज्यकर्ते लिस्बनमध्ये नव्हे, तर दक्षिण अमेरिकेत बसत होते.

समुद्रकाठ सोडून देशाच्या अंतर्भागात राजधानी न्यावी, ही तरतूद १८९१ च्या ब्राझीलच्या घटनेतच होती. ती प्रत्यक्षात आणली राष्ट्राध्यक्ष जुसेलिनो कुबिचेक यांनी, अवघ्या चार वर्षांत, उजाड पठारावर. नगररचना लुसिओ कोस्टा यांची, इमारती ऑस्कर निमायर यांच्या. सोळा वक्र स्तंभांचे तेथील कॅथेड्रलही निमायर यांचेच. संत जॉन बॉस्को यांना १८८३ साली पडलेल्या स्वप्नाचा या नगराशी संबंध जोडतात. त्या स्वप्नात त्यांनी दक्षिण अमेरिकेतून आगगाडीने प्रवास केला आणि पंधराव्या व विसाव्या अक्षांशांच्या दरम्यान एक समृद्ध भूमी पाहिली. ब्राझिलिया बरोबर त्याच पट्ट्यात आहे आणि डॉन बॉस्को तिचे आश्रयदाते संत मानले जातात. स्वप्नात कोणत्याही नगराचे नाव नव्हते. तो अर्थ नंतरच्या लोकांनी लावला, हेही येथे नमूद केले पाहिजे.

आता चलनाकडे वळू. या खंडातील अनेक ठिकाणी बोलीभाषेत पैशाला ‘प्लाता’ म्हणतात, म्हणजेच चांदी. अर्जेंटिना हे नावही चांदीच्या लॅटिन नावावरून आले. १५४५ साली आजच्या बोलिव्हियातील पोतोसी येथे चांदीचा डोंगर सापडला आणि त्या चांदीची नाणी युरोपमार्गे भारतापर्यंत पोहोचली. खाणीत उतरवले जात ते आसपासच्या मुलखातील मूळ रहिवासी. वेठबिगारीच्या सक्तीने आणलेल्या या माणसांतील असंख्य परतलेच नाहीत.

पुढे स्वतंत्र झालेल्या देशांनी आपल्या चलनांना मोठ्या प्रेमाने नावे दिली. स्वातंत्र्यवीर सिमोन बोलिव्हार यांचे नाव व्हेनेझुएलाने, त्यांचे सहकारी सुक्रे यांचे नाव इक्वेडोरने, एका लोकसमूहाचे नाव पॅराग्वेने. पेरूचा ‘सोल’ म्हणजे स्पॅनिशमध्ये सूर्य. १९८५ साली पेरूने त्याच्या जागी ‘इंती’ आणला. इंती हा केचुआ भाषेतील सूर्य. मूळ रहिवाशांच्या भाषेला नोटेवर मान मिळाला खरा, पण महागाईने तो सहा वर्षांत गिळला. १९९१ साली दहा लाख इंती देऊन एक नवा सोल घ्यावा लागला.

नोट ही एका वचनासारखी असते आणि ते वचन मोडले की सर्वांत आधी बुडतो तो मजुरीवर जगणारा. ब्राझीलने हे पुरेपूर अनुभवले. १९९३ साली तेथील वार्षिक भाववाढ २,००० टक्क्यांहून अधिक होती. चलनाची नावे बदलून आणि शून्ये पुसून काही साधेना. शेवटी अर्थमंत्री फर्नांदो एन्रिक कार्दोसो यांच्या मार्गदर्शनाखाली तज्ज्ञांनी निराळीच युक्ती योजली. १ मार्च १९९४ पासून ‘यूआरव्ही’ हे केवळ कागदावरचे एकक सुरू झाले. पगार आणि किमती या एककात मांडायच्या, पैसे मात्र जुन्याच नोटांत मोजायचे. एका एककाच्या किती नोटा, हे सरकार रोज जाहीर करी. नोटांचा आकडा रोज फुगत होता. एककातील दर मात्र बऱ्यापैकी स्थिर राहत होते. चार महिन्यांत लोकांच्या मनाला स्थिर किमतीची सवय लागली आणि १ जुलै रोजी त्याच एककाला ‘रेआल’ हे नाव देऊन खरी नोट छापली गेली. २,७५० जुन्या क्रुझेरो रेआलचा एक रेआल झाला. तो आजही चालतो.

इक्वेडोरच्या वाट्याला असे भाग्य आले नाही. मार्च १९९९ मध्ये सरकारने बँकांतील ठेवी गोठवल्या. वर्षारंभी एका डॉलरला सुमारे ७,००० सुक्रे पडत होते. ९ जानेवारी २००० रोजी राष्ट्राध्यक्ष हामिल माहुआद यांनी डॉलर स्वीकारण्याची घोषणा केली तेव्हा दर ठरला २५,०००. ज्यांनी आयुष्यभर सुक्रेमध्ये बचत केली, त्यांच्या हाती चिल्लर उरली. माहुआद यांनाही त्याच महिन्यात पायउतार व्हावे लागले. डॉलरमुळे पुढे भाव स्थिरावले, हे मान्य केले पाहिजे. परंतु स्वतःची नोट छापण्याचा अधिकार देशाने गमावला. व्हेनेझुएलाने नाव राखले आणि शून्ये पुसली : २००८ साली तीन, २०१८ साली पाच, २०२१ साली सहा. एकूण चौदा. म्हणजे २०२१ चा एक बोलिव्हार हा २००७ च्या एक कोटी गुणिले एक कोटी बोलिव्हारांबरोबर झाला. स्वातंत्र्यवीराची अशी विटंबना त्याच्या कोणत्याही शत्रूला साधली नसती.

राजधानी एका आदेशाने हलते, चलन एका रात्रीत रद्द होते. भाषेचे तसे होत नाही. ती घरात जगते आणि घरातूनच जाते. दक्षिण अमेरिकेत या बाबतीत ख्रिस्तसभेची भूमिका दुहेरी राहिली. लिमाचे आर्चबिशप संत तुरिबिउस यांनी बोलावलेल्या धर्मपरिषदेने (१५८२-८३) धर्मशिक्षण लोकांच्या भाषेत देण्याचा निर्णय घेतला. १५८४ साली लिमात छापून निघालेली स्पॅनिश, केचुआ आणि आयमारा या तीन भाषांतील प्रश्नोत्तरी हा दक्षिण अमेरिकेत मुद्रित झालेला पहिला ग्रंथ होय. पॅराग्वेच्या मिशनमधील येशूसंघीय धर्मगुरू अंतोनिओ रुईझ दे मोंतोया यांचे ग्वारानी व्याकरण व शब्दसंग्रह १६४० साली माद्रिदला प्रसिद्ध झाले. ‘क्रिस्तपुराण’कार फादर थॉमस स्टीफन्स यांचे कोकणी व्याकरण गोव्यात राशोल येथे छापले गेले तेही १६४० सालीच, त्यांच्या निधनानंतर. एकाच संघाचे दोन धर्मगुरू, दोन महासागरांच्या अंतरावर, एकच काम करीत होते.

सत्तेला हे मानवले नाही. १६८४ साली गोव्याच्या व्हाइसरॉयने तीन वर्षांत कोकणी सोडून पोर्तुगीज बोलण्याचे फर्मान काढले. १७५७ साली त्याच राजसत्तेने ब्राझीलमध्ये तुपी भाषेपासून घडलेल्या सर्वसामान्यांच्या बोलीवर बंदी घातली. १७७० साली स्पेनच्या राजानेही आपल्या वसाहतींतील मूळ भाषा नामशेष करण्याचा हुकूम दिला. तोपर्यंत दोन्ही साम्राज्यांतून येशूसंघीयांची हकालपट्टी झालेली होती.

तरीही ग्वारानी टिकली, आणि ती ज्या प्रकारे टिकली ते फार लक्षणीय आहे. पॅराग्वेत आलेले स्पॅनिश पुरुष थोडे, त्यांच्या घरातील स्त्रिया ग्वारानी. मुले आईची भाषा बोलू लागली. पुढे शाळेत ग्वारानी बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होत असे, पण घरी आणि शेतात तीच भाषा होती. बोलिव्हियाशी झालेल्या चाको युद्धात (१९३२-३५) लष्करी संदेश शत्रूला कळू नयेत म्हणून पॅराग्वेच्या सैन्याने ग्वारानीचाच आश्रय घेतला. १९४३ साली चलनाला तिचे नाव मिळाले. शासकीय भाषेचा दर्जा मिळायला मात्र १९९२ ची घटना यावी लागली. म्हणजे भाषेचे नाव नोटेवर छापले गेल्यानंतर ती भाषा शासनदरबारी पोहोचायला जवळजवळ अर्धे शतक लागले. आज पॅराग्वेत मूळ रहिवासी नसलेली बहुसंख्य जनताही ग्वारानी बोलते. पेरूमध्ये केचुआला १९७५ साली शासकीय मान्यता मिळाली आणि बोलिव्हियाच्या २००९ च्या घटनेने स्पॅनिशबरोबर ३६ मूळ भाषांना.

सुरिनामची गोष्ट वेगळी. ५ जून १८७३ रोजी ‘लल्ला रूख’ हे जहाज कलकत्त्याहून निघालेले गिरमिटिये मजूर घेऊन तेथे पोहोचले. १९१६ पर्यंत असे सुमारे ३४,००० भारतीय तेथे गेले. त्यांच्या भोजपुरी व अवधी बोलींतून घडलेली सरनामी आजही घराघरांत ऐकू येते. कचेरीत डच, बाजारात स्रानान, घरी सरनामी, अशा तीन भाषा एकाच दिवसात वापरणारी माणसे तेथे नवलाची नाहीत.

आणि तुपी? ब्राझीलच्या किनाऱ्यावरून ती बोली म्हणून नाहीशी झाली. पण पोर्तुगीजांच्या जहाजांतून तेथील झाडे आपल्याकडे आली, तेव्हा त्यांची नावेही बरोबर आली. काजू आणि अननस हे आपल्या रोजच्या बोलण्यातील शब्द मूळ तुपी-ग्वारानी कुळातील भाषांचे. १७५७ साली जिच्यावर बंदी आली ती बोली ॲमेझॉनच्या अरण्यात रिओ नेग्रो नदीच्या वरच्या अंगाला न्येंगातू या नावाने तग धरून राहिली. २००२ साली तेथील साओ गाब्रिएल दा काश्वेरा या नगरपालिकेने तिला, तुकानो व बानिवा या आणखी दोन भाषांसह, पोर्तुगीजच्या बरोबरीने कारभाराची भाषा ठरवले.