एका एक्सलखाली 80,000 गाड्या

पारनेर तालुक्यातून दोन मोठे महामार्ग जातात. सुप्यावरून पुणे–नगर, आणि टाकळी ढोकेश्वर, भाळवणीवरून कल्याण–नगर. जिल्ह्यातले लोक रस्त्यांवर किती खूश आहेत, हे कळायला वेगळी पाहणी नको. डिसेंबर 2022 मध्ये पारनेरचे तत्कालीन आमदार नीलेश लंके नगरला जिल्हाधिकारी कार्यालयासमोर उपोषणाला बसले, ते नगर–पाथर्डी, नगर–शिर्डी अशा रस्त्यांच्या कामांसाठी.

रस्ता उखडला की शिव्या ठेकेदाराला पडतात, आणि पुष्कळदा त्या रास्तही असतात. पण सुपा चौकात जरा चाकांकडे बघा. कांद्याच्या गोण्यांनी भरलेला सहा टायरी ट्रक. त्याच्या मागच्या एक्सलवर कायद्याने 11.5 टन चालतात. 2018 पर्यंत ही मर्यादा 10.2 टन होती. शेजारच्या छोट्या कारच्या एका एक्सलवर धरा 575 किलो. वजन वीसपट. मग झीजही वीसपट?

छे! 1958 ते 1960 या काळात अमेरिकेत, इलिनॉय राज्यात खास बांधलेल्या रस्त्यांवर लष्करी चालकांनी रात्रंदिवस ट्रक फिरवले. 11 लाखांहून जास्त एक्सल गेल्यावर ढोबळ नियम हाती आला: वजन दुप्पट झालं की झीज सोळापट, म्हणजे वजनाच्या चौथ्या घाताने. या हिशेबाने वीसपट वजनाची झीज 1,60,000 पट! कारला एक्सल दोन, म्हणजे ट्रकचा तो एकटा एक्सल 80,000 कारच्या बरोबरीचा. चौकातून दर सेकंदाला एक कार सोडली, तरी तेवढ्या गाड्या जायला 22 तास लागतील.

2018 ची वाढ दिसायला जेमतेम 13 टक्के. झिजेत ती 60 टक्क्यांवर जाते. त्यात पावसाळा. साइडपट्टी उंच, गटार तुंबलेलं, पाणी भेगेतून खाली उतरतं. वरून चाक गेलं की ते पाणी दाबाने उसळतं, डांबराची पकड सुटते आणि खडी मोकळी होते. निघोजला कुकडी नदीने पाषाणात रांजणखळगे कोरायला हजारो वर्षं घेतली. इथे एक पावसाळा पुरतो.

आता त्याच एक्सलवर 15 टन लादा. वजन वाढलं तीस टक्के, झीज जवळजवळ तिप्पट. जादा मालाचं भाडं एकाच्या खिशात, डागडुजीचा खर्च सगळ्यांच्या माथी. तेव्हा उपोषणाच्या मागण्यांत डांबराबरोबर चालू वजनकाट्याचंही कलम हवं, आणि त्यावरची रोजची नोंद लोकांना पाहायला मिळायला हवी.