किडनीतली छोटी गाठ आणि सुईची भीती

आखातातला उन्हाळा, पोटात कमी जाणारं पाणी आणि त्यातून होणारा मुतखडा हे आपल्या मंडळींचं ओळखीचं दुखणं. खड्यासाठी सोनोग्राफी होते आणि रिपोर्टात भलतीच ओळ येते: उजव्या किडनीत अडीच सेंटिमीटरची गाठ. मी पॅथॉलॉजिस्ट, राहायला फिंतासला. त्यामुळे असा रिपोर्ट आला की ओळखीतले लोक मला फोन करतात. प्रश्न ठरलेले असतात. ‘ताई, सुई टोचली तर गाठ पसरेल का हो?’ आणि ‘महिन्याच्या रजेत मुंबईला जाऊन किडनीच काढून टाकू का?’

चार सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीला डॉक्टर छोटी म्हणतात. ऑपरेशन करून काढलेल्या अशा गाठींत साधारण पाचातली एक कॅन्सरची नसतेच. अँजिओमायोलायपोमा या साध्या गाठीत चरबी दिसली, तर सीटी स्कॅनवरच ती ओळखता येते. पण चरबी कमी असेल, किंवा गाठ ऑन्कोसायटोमा नावाची असेल, तर स्कॅनवर ती कॅन्सरसारखीच दिसते. ज्या कॅन्सरच्या असतात, त्यांतल्याही बऱ्याच सावकाश वाढतात.

बायोप्सीत पाठीची जागा बधिर करून, सोनोग्राफी किंवा सीटीवर बघत सुई गाठीत नेतात. हाती येतो तो शेवईच्या तुकड्याएवढा नमुना. बहुतेक ठिकाणी बाहेर एक पोकळ सुई ठेवून तिच्यातूनच आतली सुई आत-बाहेर करतात, त्यामुळे गाठीतल्या पेशी वाटेत सांडण्याची शक्यता आणखी घटते. किडनीच्या बायोप्सीमुळे कॅन्सर पसरणं अत्यंत दुर्मीळ आहे. थोडा रक्तस्राव होऊ शकतो; म्हणून अँजिओप्लास्टीनंतर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, पण स्वतःच्या मनाने बंद करू नका.

मर्यादाही आहेत. दहातल्या एखाद-दुसऱ्या वेळी नमुन्यातून निदानच होत नाही. याचा अर्थ ‘कॅन्सर नाही’ असा मुळीच नाही. बायोप्सी पुन्हा करावी लागू शकते. ऑन्कोसायटोमा आणि एका प्रकारचा कॅन्सर छोट्या तुकड्यात फार सारखे दिसतात, तिथे आम्हीही जपून लिहितो. पाण्याने भरलेल्या गाठीत बायोप्सीचा उपयोग कमी.

म्हणून डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा: ‘बायोप्सीच्या उत्तराने तुमचा सल्ला बदलेल का?’ तब्येत ठणठणीत आहे आणि काहीही झालं तरी गाठ काढायचीच असं ठरलंय, तर बायोप्सी टाळता येते. वय खूप आहे, हृदय थकलंय आणि नुसतं लक्षच ठेवायचंय, तरीही. पण ऑपरेशन की देखरेख असा निर्णय अडला असेल, गाठ सुईनेच जाळायची किंवा गोठवायची असेल, किंवा पूर्वी दुसरा कॅन्सर होऊन गेला असेल, तेव्हा तो शेवईएवढा तुकडा फार मोलाचा ठरतो. आणि काढायचंच ठरलं, तरी छोट्या गाठीत बहुधा गाठच काढतात, उरलेली किडनी राखतात. मधुमेह असलेल्यांनी हे आवर्जून विचारावं.

बायोप्सी इथे करून पुढचे उपचार भारतात घेणार असाल, तर रिपोर्टाच्या फोटोवर भागवू नका. काचेच्या स्लाइड, मेणाचा ब्लॉक आणि सीटीची सीडी मागून घ्या. मुंबईत टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी बाहेरच्या स्लाइड पुन्हा तपासून देतात. ब्लॉक हातच्या बॅगेत ठेवा आणि उन्हात तापलेल्या गाडीत विसरू नका, मेण वितळतं.