पाण्यानं बोलणारा पोपट

दोन पोटं, खालून एका नळीनं जोडलेली. एका पोटावर उंच तोटी, दुसऱ्यावर बसलेला पोपट, आणि दोघांच्या मध्ये वरून पट्टीसारखी मूठ. पेरूच्या उत्तर किनाऱ्यावरच्या आणि शेजारच्या इक्वेडोरमधल्या कुंभारांनी अशी जोडभांडी शतकानुशतकं घडवली. पोपटाच्या जागी कधी माकड, कधी घुबड, कधी माणूसही.

भांड्यात निम्मं पाणी भरायचं आणि ते प्राण्याच्या बाजूला कलतं करायचं. पाणी नळीतून प्राण्याच्या पोटात शिरतं, तिथली हवा कोंडली जाते आणि तिला बाहेर पडायला एकच वाट उरते: डोक्यात किंवा मुठीलगत दडवलेली छोटी पोकळ गोळी. गोळीच्या भोकाच्या धारेवर हवेचा झोत आपटला की शीळ घुमते. आपल्याकडे जत्रेत मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या चिमणीत पाणी भरून शेपटीतून फुंकावं लागतं. इथे फुंकायचं कामही पाणीच करतं. हात सावकाश हलवला तर स्वर ओढला जातो, झटका दिला तर तुटक निघतो.

आता कारागिराच्या बाजूनं पाहू. स्पॅनिश लोक येईपर्यंत अँडीजमध्ये कुंभाराचं चाक नव्हतं. मातीच्या वळ्या एकावर एक चढवून किंवा साच्यात माती दाबून भांडं उभं करायचं, घोटून गुळगुळीत करायचं. काचेसारखी झिलई त्यांच्याकडे नव्हती. शिट्टीची गोळी मात्र आधी वेगळी घडवावी लागे, कारण भोक आणि झोताची फट यांचा कोन जरा चुकला तरी नुसती फुसफुस ऐकू येते. शिवाय माती वाळताना आणि भाजताना आक्रसते. प्राण्याचं डोकं बंद झाल्यावर आत हात घालून दुरुस्ती करायची सोय नाही. म्हणजे ओल्या मातीत जुळवलेला कोन भट्टीतून निघाल्यावरही जुळलेला राहील, एवढा अंदाज हाताला हवा. मला या भांड्याचं खरं नवल इथे वाटतं. पोपटाची चोच त्यापुढे सोपी.

मग ही शिट्टी कशासाठी? ओतताना हवेला वाट हवी, म्हणून भोक ठेवलं आणि ते योगायोगानं वाजू लागलं, असं म्हणता येईल. पण 1977 मध्ये स्टीव्हन गॅरेट आणि डॅनियल स्टॅट या संशोधकांनी वेगवेगळ्या संस्कृतींमधल्या अशा सुमारे 70 भांड्यांच्या स्वरांची मोजणी प्रसिद्ध केली. एका संस्कृतीतल्या भांड्यांचे स्वर एकमेकांच्या जवळपास पडतात, असं त्यांना दिसलं. योगायोगाचं भोक असतं तर स्वर वाटेल तसे विखुरले असते. तेव्हा ही वाद्यंच म्हणायची, पाणी साठवण्याचं काम दुय्यम.

ती कुठे वाजायची, कोणाच्या हातात, कोणत्या विधीत, हे सांगणारा पुरावा मात्र फार थोडा उरला आहे. त्याचं एक कारण सरळसरळ लूट. उत्तर पेरूच्या पिऊरा भागातल्या विकूस संस्कृतीची शिट्टीची भांडी विशेष नावाजलेली, सुमारे 2000 वर्षांपूर्वीच्या काळातली. तिथल्या खोल थडग्यांवर विसाव्या शतकाच्या मध्यानंतर चोरांनी फावडी चालवली. भांडी बाजारात गेली, आणि कोणत्या थडग्यात काय कशाशेजारी ठेवलं होतं ही माहिती मातीबरोबर उपसली गेली. नंतरच्या चिमू लोकांनी कमी हवेत, धुरात भाजून काळीभोर शिट्टीची भांडी केली. लिमामधल्या 1926 साली स्थापन झालेल्या लार्को संग्रहालयाचं कोठार प्रेक्षकांना खुलं असतं. तिथे प्राण्यांच्या आकाराच्या भांड्यांच्या रांगाच्या रांगा कपाटांत पाहता येतात. वाजवता अर्थात येत नाहीत.

विकूसच्या त्याच परिसरातल्या चुलुकानास गावात कुंभारकाम आजही चालतं. फळीनं थापून मडकं घडवणं अजून टिकून आहे, आणि विकूस भांड्यांवरची जुनी नक्षीची पद्धत 1970 नंतर कुंभारांनी पुन्हा शोधून काढली. भाजलेल्या भांड्यावर पातळ मातीनं नक्षी काढायची, मग धूर द्यायचा. माती लावलेला भाग उजळ राहतो, उरलेला काळा पडतो. शेवटी माती खरवडून टाकायची. धुरासाठी ते आंब्याची पानं जाळतात. पिऊरात आंब्याच्या बागा भरपूर आहेत. विकूसच्या कुंभारांना मात्र ही पानं मिळणं शक्य नव्हतं. आंबा मूळचा आपल्या बाजूचा, तो अमेरिकेत पोचला तो युरोपीय जहाजांबरोबर.