कुत्रं शिकवायचा धंदा : आपल्याला जमेल का?



मागच्या मासिक बैठकीत बचत गोळा झाली, कर्जाचे हप्ते लिहून झाले आणि उठता उठता एका ताईंनी विचारलं, "कोल्हापुरात म्हणे कुत्र्याला शिकवायला माणसं ठेवतात, पैसे देऊन. खरं हाय का? मग शिलाई सोडून मी ते करू का?" सगळ्या हसल्या. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. शिलाईला गिऱ्हाईक कमी झालंय, भांगलणीचं काम बारमाही नाही, आणि त्या ताईंचा जनावरांवर जीव आहे. म्हणून या अंकात सरळ सांगूया, हा धंदा काय आहे, कुणाला जमतो आणि उडी मारायच्या आधी काय बघायचं.

हे काम नेमकं काय?

आपल्याकडं कुत्रं नवीन नाही. वस्तीवर राखणीला असतं, धनगराच्या बकऱ्यांमागं असतं, शिकारीसाठी पाळलेली पश्मी कोल्हापूर-सांगली-सोलापूर पट्ट्यात पूर्वीपासून आहेत. पण त्यांना कुणी पैसे देऊन शिकवलं नाही. ती मोकळ्यावर वाढली, मोठ्या कुत्र्यांचं बघून शिकली.

आता बंगल्यात आणि फ्लॅटमध्ये लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड आलीत. ती दिवसभर बांधलेली. घरात घाण करतात, पाहुण्यांच्या अंगावर जातात, चपला फाडतात, फिरायला नेलं तर माणसालाच ओढत नेतात. घरच्यांना काही सुचत नाही. अशा घरी आठवड्यातून दोन-तीन वेळा जाऊन कुत्र्याला आणि घरच्यांना सवयी लावून देणं, हे हे काम. खरं सांगायचं तर कुत्रं लवकर शिकतं, माणसांनाच वेळ लागतो. एक जण 'सोफ्यावर चढू नको' म्हणतो आणि दुसरा लाडानं वर घेतो, मग कुत्र्यानं करावं काय?

पोलिसांची श्वानपथकं वेगळी. १९९३ साली मुंबईत बॉम्बस्फोट झाले तेव्हा ज्यानं हजारो किलो आरडीएक्स शोधून दिलं, तो 'झंजीर' नावाचा लॅब्राडोर पुण्याच्या पोलीस श्वान प्रशिक्षण केंद्रात तयार झाला होता. ते काम नोकरीतल्या पोलिसांचं. आपण बोलतोय ते घरगुती कुत्र्यांबद्दल.

बाईनं हे करावं का?

मुंबईच्या शिरीन मर्चंट यांनी हे काम सुरू केलं तेव्हा या क्षेत्रात बायका जवळजवळ नव्हत्या. त्या इंग्लंडमध्ये जॉन रॉजरसन यांच्याकडं शिकल्या. २०१८ साली देशात आपापल्या क्षेत्रात पहिलं पाऊल टाकणाऱ्या महिलांचा राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते सन्मान झाला, त्यात देशातल्या पहिल्या महिला श्वान-प्रशिक्षक म्हणून त्या होत्या. त्या शहरातल्या, आपली परिस्थिती वेगळी, हे खरं. पण 'हे बायकांचं काम नव्हं' हे तरी कुणी म्हणू नये.

उलट आपल्याला एक फायदा आहे. दुपारी घरात बहुतेक बाईच असते. कुत्र्याला खायला घालणारी तीच, घाण काढणारी तीच. परक्या पुरुषापेक्षा बाईला दार उघडणं तिला सोपं जातं.

तुम्हाला अर्धं आधीच येतं

म्हैस पिळायला बसताना बादलीचा आवाज झाला की ती पान्हा सोडते. का? बादली वाजली की आंबोण पुढ्यात येतं आणि धार काढली जाते, हे तिच्या अंगात मुरलंय. कुत्रं शिकवण्याचं मूळ हेच. एक खूण, मग एक काम, मग लगेच मोबदला.

'बस' शिकवून बघा. उकडलेल्या बिनमसाल्याच्या चिकनचा नखाएवढा तुकडा चिमटीत धरा. कुत्र्याच्या नाकासमोरून सावकाश डोक्यावरून मागं न्या. नाक वर जातं तसं ढुंगण आपोआप खाली टेकतं. टेकल्या क्षणी 'शाब्बास' म्हणा आणि तुकडा द्या. आठ-दहा वेळा असं झालं, की हात न्यायच्या आधी 'बस' हा शब्द म्हणायला लागा. यातल्या चार गोष्टी लक्षात ठेवा.

१. मोबदला एक-दोन सेकंदांत मिळाला पाहिजे. उशीर झाला तर कुत्र्याला कळत नाही की तो कशाचा.

२. एका वेळी पाचच मिनिटं, पण दिवसातून तीनदा.

३. एका कामाला एकच शब्द. घरात एक जण 'बस', दुसरा 'खाली', तिसरा 'सिट' म्हणत असेल तर त्याला काहीच कळणार नाही.

४. मारायचं नाही. मारलेलं कुत्रं शिकत नाही, फक्त भितं, आणि भ्यालेलं कुत्रंच चावतं. शिवाय १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं जनावराला मारहाण करणं गुन्हा आहे.

खाऊ म्हणून तांबड्या-पांढऱ्या रश्श्यातलं मटण देऊ नका. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका आणि चॉकलेट कुत्र्याला बाधतात. गिऱ्हाइकाच्या घरीही हे पहिल्याच दिवशी सांगा.

आणखी एक. पिल्लू तीन आठवड्यांपासून साधारण तीन महिन्यांपर्यंत जे बघतं, ऐकतं, त्याला ते पुढं सहसा घाबरत नाही. मिक्सर, मोटरसायकल, लहान पोरं, छत्री यांची ओळख त्याच वयात हळूहळू करून द्यायची. चार वर्षांचं अंगावर येणारं कुत्रं सुधारायला महिने लागतात. अशी कुत्री सुरुवातीला घेऊच नका.

हिशोब मांडू

आता मुद्द्याचं. आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमच्या भागातला दर तुम्ही विचारून घ्या.

समजा कोल्हापुरातल्या एका घराचं महिन्याचं १२ फेऱ्यांचं काम ३,००० रुपयांना ठरलं. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. तरी जाऊन-येऊन रिक्षासकट ८० रुपये धरले तर १२ फेऱ्यांचे ९६० झाले. खाऊचे २४०. हातात उरले १,८००, म्हणजे एका फेरीला १५० रुपये. आणि मुरगूडहून कोल्हापूरला जाऊन यायचं म्हणजे अर्धा दिवस मोडला. यापेक्षा रानातली मजुरी बरी!

पण त्याच दिवशी, त्याच गल्लीत दुसरं घर मिळालं तर? ६,००० मधून प्रवासाचे तेच ९६० आणि खाऊचे ४८० गेले. उरले ४,५६०, म्हणजे एका दिवसाला ३८० रुपये. तीन घरं झाली तर आणखी बरं. म्हणजे या धंद्यात कुत्री किती यापेक्षा ती एका रस्त्यावर आहेत का, हे महत्त्वाचं. सुरुवात मुरगूड, कागल, निपाणी अशा जवळच्या गावांतून करा. लांबचं एकटं घर घेऊ नका.

घरचे लोक लग्नाला, यात्रेला गेले की चार दिवस कुत्रं सांभाळायचं कामही मिळतं. ते घेताना लसीचं कार्ड बघा आणि काय झालं तर डॉक्टरचा खर्च कुणाचा, हे कागदावर लिहून घ्या. पिल्लं काढून विकायच्या फंदात मात्र पडू नका. त्याला २०१७ च्या नियमांप्रमाणं नोंदणी लागते.

चावलं तर

हा भाग प्रत्येकीनं वाचावा, धंदा करो वा न करो. रेबीजची लक्षणं दिसायला लागली की माणूस वाचत नाही म्हटलं तरी चालेल. पण वेळेत लस घेतली तर तो टळतो.

चावा असो की नुसता ओरखडा, जखम लगेच साबणानं, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, चटणी काही भरू नका. त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात जा. सरकारी दवाखान्यात लस मोफत मिळते. डॉक्टरांनी सांगितलेले सगळे डोस पूर्ण करा. 'आता बरं वाटतंय' म्हणून मधेच सोडू नका. जखम खोल असेल तर लसीबरोबर वेगळं इंजेक्शनही लागतं.

आणि हा धंदा करायचाच असेल तर चावायच्या आधी घ्यायची लस असते, ती डॉक्टरांना विचारून आधी घ्या. ज्या कुत्र्याला रेबीजची लस नाही, त्याला हात लावायचा नाही, मग ते कुणाचंही असो.

शिकायचं कुठं?

घरगुती कुत्रं शिकवायला सरकारी परवाना सक्तीचा नाही. म्हणूनच कुणीही प्रमाणपत्र छापून देऊ शकतो. मोबाईलवर 'आठवड्यात ट्रेनर व्हा' असं दिसलं की आधी पैसे भरू नका. तीन प्रश्न विचारा. शिकवणारा कोण? माझ्या हाताखाली खरी कुत्री किती येतील? मारून शिकवता की मोबदला देऊन? पहिल्या दोन प्रश्नांना गोल गोल उत्तर आलं किंवा तिसऱ्याला 'मारावंच लागतं' असं आलं, तर तिथूनच परत फिरा.

जवळचा रस्ता असा. जनावरांच्या डॉक्टरांकडं काही दिवस मदतीला जा, कुत्रं धरायचं कसं हे तिथं कळतं. आपल्या भागात सैन्यातून आणि पोलिसांतून निवृत्त झालेले पुष्कळ आहेत. त्यात श्वानपथकात काम केलेलं कुणी असेल तर त्यांना गुरू करा. ज्या ताई उमेद अभियानात पशुसखी आहेत, त्यांना तर जनावर हाताळायची सवय आहेच. धंद्याचा हिशोब आणि बँकेचा व्यवहार शिकायला आरसेटीच्या प्रशिक्षणाची चौकशी करा.

शिलाई सोडायची का?

त्या ताईंना उत्तर असं की लगेच नको. मशीन विकू नका. पहिले सहा महिने शिलाई सकाळी, कुत्रं दुपारी. गटाचं मोठं कर्ज काढू नका. या धंद्याला भांडवल लागत नाही. पट्टा, दोरी, खाऊची पिशवी आणि वही, एवढ्यावर भागतं. लागलंच तर छोटं अंतर्गत कर्ज घ्या. पहिली दोन कुत्री ओळखीतली घ्या, कमी पैशात शिकवा आणि रोज काय केलं ते वहीत लिहा. ती सुधारलेली कुत्रीच तुमची जाहिरात. सलग तीन महिने शिलाईपेक्षा जास्त पैसे हातात उरले, तर मग पुढचा विचार करा. नाही उरले, तर मशीन घरात आहेच.

पुढच्या बैठकीपर्यंत एक करून बघा. आपल्या दारातल्या कुत्र्याला फक्त 'बस' शिकवा. किती दिवस लागले ते लिहून आणा आणि गटात वाचून दाखवा. कुणाला हे काम जमेल, ते त्यातूनच आपल्याला कळेल.