बाहुलीघरातला पंचनामा

सिंकमध्ये अर्धवट सोललेले बटाटे. इस्त्रीचं टेबल मांडलेलं. ओव्हनमध्ये केक. दारं आतून बंद, त्यांच्या फटींत वर्तमानपत्रं कोंबलेली आणि गॅसच्या तोट्या उघड्या. शेगडीपुढे जमिनीवर बार्बरा बार्न्स ही गृहिणी मरून पडली आहे. काळ एप्रिल १९४४. नवऱ्याचा जबाब शेजारीच लावला आहे: चारच्या सुमाराला बायकोनं सांगितलेल्या कामासाठी बाहेर पडलो, दीडेक तासानं परतलो तर स्वयंपाकघराचं दार बंद, जाताना ते उघडं होतं. पुढचं दारही बंद. खिडकीतून डोकावलो तर ती जमिनीवर पडलेली दिसली, म्हणून पोलिसांना फोन केला.

बार्बरा वीतभरही उंच नाही. ती बाहुली आहे, तिचं स्वयंपाकघर काचेच्या पेटीत मावतं आणि त्या पेटीला नाक लावून मी ओणवी उभी आहे. माझ्या मागे ताटकळणारा माणूस दोनदा खाकरला, तरी मला हलवत नव्हतं.

वॉशिंग्टनला व्हाइट हाउसच्या अगदी जवळ रेनविक गॅलरी आहे. तिथे ऑक्टोबर २०१७ ते जानेवारी २०१८ या काळात ‘मर्डर इज हर हॉबी’ नावाचं प्रदर्शन भरलं होतं. स्मिथसोनियन या संग्रहालयांच्या संस्थेचं असल्यामुळे प्रवेश फुकट. मी अर्थातच जय्यत तयारीनं गेले होते. बाबूराव अर्नाळकरांच्या जीर्ण पुस्तकांवर वाचायला शिकलेली, दूरदर्शनवरच्या ‘एक शून्य शून्य’पासून ‘सीआयडी’पर्यंत शिवाजी साटमांच्या मागोमाग फिरलेली, नंतर शेरलॉकच्या सगळ्या आवृत्त्या पाहिलेली बाई मी. खुनाचं प्रदर्शन म्हणजे रक्ताळलेला सुरा, खुन्याचा फोटो आणि शेवटच्या दालनात उलगडा, असं माझ्या डोक्यात पक्कं होतं. इथे सुरे होते, रक्तही होतं. पण खुनी कुठेच नव्हता आणि उलगडा तर नव्हताच.

ही खोकी बनवणाऱ्या बाईंचं नाव फ्रान्सिस ग्लेसनर ली. जन्म १८७८, शिकागोचा. वडील शेतीची यंत्रं बनवणाऱ्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीचे मोठे भागीदार. घरात पैसा, नोकरचाकर, शिकवायला घरी येणारे मास्तर. भाऊ हार्वर्डला गेला, हिला जाता आलं नाही. मग तिनं शिवण, विणकाम आणि लहान लहान वस्तू बनवणं या तत्कालीन श्रीमंत मुलींच्या विद्या आत्मसात केल्या आणि त्या तिला कमालीच्या जमल्या. १९१३ मध्ये आईच्या वाढदिवसाला तिनं शिकागोचा अख्खा सिंफनी ऑर्केस्ट्रा बनवून दिला: नव्वद वादक, प्रत्येकाच्या हातात त्याचं वाद्य. पुढे खुनाच्या खोल्यांमध्ये जी नजर दिसते ती इथे आधीच तयार झालेली आहे.

भावाचा हार्वर्डमधला मित्र जॉर्ज मॅग्रथ बॉस्टनमध्ये मेडिकल एक्झामिनर होता, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची तपासणी करणारा सरकारी डॉक्टर. त्याच्याकडून लीबाईंनी एक गाऱ्हाणं ऐकलं. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी हे काम कोरोनर करत. तो निवडून आलेला माणूस असे, वैद्यकाशी त्याचा संबंध असलाच पाहिजे असं नव्हतं. पोलीस प्रेत हलवत, रक्तातून चालत जात, कपड्यावरच्या गोळीच्या भोकात बोट घालून बघत. खून आत्महत्या म्हणून दप्तरी जाई आणि अपघातासाठी कुणीतरी तुरुंगात. (कोरोनर ही काही परकी गोष्ट नव्हे. मुंबईलाही १८७१ च्या कायद्यान्वये कोरोनर होता; ते पद १९९९ मध्ये रद्द झालं.)

पन्नाशी उलटल्यावर, घटस्फोट आणि वारसाहक्काचा पैसा दोन्ही पदरी असताना, बाईंनी यावर इलाज शोधला. १९३१ मध्ये त्यांच्या देणगीतून हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात न्यायवैद्यकाचा विभाग सुरू झाला. त्या महाविद्यालयात मुलींना प्रवेश मिळायला १९४५ उजाडलं. म्हणजे चौदा वर्षं एका बाईच्या पैशावर असा विभाग चालला, जिथे तिच्या नातीलाही शिकता आलं नसतं. १९४३ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या पोलिसांनी त्यांना कॅप्टन केलं. हा मान मिळवणाऱ्या देशातल्या त्या पहिल्या स्त्री.

पण पोलिसांना शिकवायचं कसं? प्रत्येक वर्गाला ताजं घटनास्थळ कुठून आणणार? तेव्हा बाईंनी आईच्या वाढदिवसाची विद्या पुन्हा बाहेर काढली. खऱ्या प्रकरणांवरून, नावं-गावं बदलून, त्यांनी घटनास्थळं बनवायला घेतली. प्रमाण एका फुटाला एक इंच. सुतारकाम राल्फ मोशर नावाच्या कारागिराकडे, बाकी सगळं त्यांच्याकडे. वर्षाला जेमतेम तीन तयार होत आणि एकेकाला तेव्हाच्या खऱ्या घराच्या बांधकामाएवढा खर्च येई, असं सांगतात. एकूण वीस झाली. त्यातली १९ रेनविकमध्ये एका छताखाली होती.

आता त्यांची कारागिरी. बाहुल्यांचे मोजे हातानं विणलेले आहेत, सुया म्हणून साध्या टाचण्या वापरून. भिंतीवरच्या कॅलेंडरात बरोबर तोच महिना आणि तेच वार. उंदराचा सापळा खरोखर मिटतो, कुलपं चालतात, सिगारेटींत तंबाखू भरलेली आहे. डोलखुर्ची ढकलली की ठरावीक वेळाच डुलली पाहिजे, असा बाईंचा हट्ट होता. मूळ घटनेतली खुर्ची तेवढीच डुलत होती म्हणे. एका देखाव्यासाठी मोशरनं लाकडी झोपडी संपूर्ण बांधली, आत सामान लावलं आणि मग बाईंनी ती ब्लोटॉर्चनं जाळली. कारण त्या प्रकरणात झोपडी जळाली होती. जळकी झोपडी ‘बनवायची’ ही कल्पनाच त्यांना मान्य नव्हती. आपल्या गणपतीच्या आरासवाल्यांना हे दाखवलं पाहिजे, असं मला तिथे उभ्या उभ्या वाटून गेलं.

मात्र या सगळ्या हौसेच्या केंद्रस्थानी प्रेतं आहेत आणि त्यांच्याबाबतीत बाई सर्वांत कडक होत्या. माणूस मेला की हृदय थांबतं आणि रक्त पाण्यासारखं खालच्या बाजूला उतरू लागतं. तासा-दोन तासांत त्या बाजूची कातडी जांभळट दिसते. आठ-दहा तासांनी तो डाग पक्का होतो. त्यानंतर प्रेत उलटं करून ठेवलं तरी डाग जागचा हलत नाही. म्हणजे पालथ्या पडलेल्या माणसाच्या पाठीवर जांभळटपणा असेल तर त्याला कुणीतरी नंतर पालथं केलं आहे. लीबाईंच्या बाहुल्यांच्या कातडीवर हे डाग रंगवलेले आहेत, कुठे, किती गडद, तेही मोजून. रंगाची आणखी एक खूण आहे. त्या काळच्या घरगुती गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड असे. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटला की रक्त लालभडक होतं आणि मेलेल्या माणसाचे गाल तरतरीत दिसतात. बार्बराचा चेहरा गुलाबी आहे. पहिल्या नजरेत मला तो खेळण्यातल्या बाहुलीचा नेहमीचा गुलाबी वाटला होता.

‘डार्क बाथरूम’ या देखाव्यात तर मी पायांपाशीच अडकले. भाड्याच्या खोल्यांचं घर, नोव्हेंबर १८९६. मॅगी विल्सन न्हाणीच्या टबात पडली आहे आणि नळाचं पाणी तिच्या तोंडावर कोसळतंय. तिच्याबरोबर त्याच घरात राहणाऱ्या मुलीचा जबाब असा, की मॅगीला फिट्स यायच्या, त्या रात्री तिच्याकडे दोन पुरुष आले होते आणि उशिरापर्यंत पाण्याचा आवाज येत राहिला. वाचून डोळे पाण्याकडे जातात. पण पाय पाहा: टबाच्या काठावरून ते ताठ बाहेर आलेले आहेत, आधाराशिवाय. नुकत्याच मेलेल्या माणसाचे पाय असे अधांतरी राहत नाहीत, ते लोंबकळतात. मृत्यूनंतर काही तासांनी स्नायू आखडतात आणि शरीर ज्या अवस्थेत असेल त्याच अवस्थेत गोठतं. मग हे पाय गोठले तेव्हा मॅगी कुठे आणि कशी होती? एका पायाच्या कोनात एवढा प्रश्न मावलेला पाहून मला खरंच शहारा आला.

प्रत्येक गोष्टीत कट असतोच असं मात्र नाही. ‘बार्न’ या देखाव्यात एबेन वॉलेस नावाचा शेतकरी धान्याच्या कोठारात लटकलेला आहे. बायकोचा जबाब वाचताना हसू आवरत नाही, आणि मग हसल्याची लाज वाटते. नवरा हेकट. मनासारखं झालं नाही की कोठारात जायचा, बादली उपडी करून तिच्यावर उभा राहायचा, गळ्यात दोर अडकवायचा आणि जीव देतो म्हणायचा. ती गयावया करून त्याला खाली उतरवायची. १९३९ च्या जुलैमधल्या त्या दुपारी भांडण झालं, तो गेला, पण या वेळी ती लगेच मागे गेली नाही. गेली तेव्हा तो लटकत होता आणि त्याचे पाय लाकडी खोक्यात रुतले होते. बादली त्या दिवशी पंपापाशी पाण्यासाठी वापरात होती.

आता याला काय म्हणायचं? खून, आत्महत्या, की खोक्याची पातळ फळी? कागदावर यातला एकच शब्द लिहायचा असतो.

आपल्याकडे पोलीस ठाण्यात अशा प्रकरणाची आधी ‘अकस्मात मृत्यू’ म्हणून नोंद होते आणि मग पंचांसमक्ष पंचनामा. जुने पंचनामे वाचायची मला खोड आहे. पूर्वेस अमक्याचं घर, पश्चिमेस रस्ता, दाराच्या डाव्या हातास पाण्याचा माठ, अशी ती कोरडी, रटाळ भाषा. लीबाईंची शिकवण जवळपास तीच होती: प्रेताकडे धावू नका. खोलीच्या एका बाजूपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं बघत या, कडेकडेनं आत सरकत शेवटी मध्यावर पोचा. १९४५ पासून वर्षातून दोनदा त्या पोलिसांसाठी आठवडाभराचा वर्ग भरवत. एकेका खोलीसाठी ९० मिनिटं, टॉर्च आणि भिंग. शेवटच्या दिवशी बॉस्टनच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात शाही मेजवानी. रांगडे हवालदार सोन्याच्या वर्खाच्या बशांत जेवत आणि या करारी बाईंना ‘मदर ली’ म्हणत.

जबाबांविषयी त्यांचा इशारा मला फार आवडला: साक्षीदारानं सांगितलं ते असं; ते खरं असेलच असं नाही. माणूस खोटं बोलतो, चुकतो, विसरतो. खोली तिच्याकडचं सगळं उघड्यावर मांडून बसलेली असते, मात्र तीही वाचता आली पाहिजे. काही देखाव्यांत त्यांनी मुद्दाम भलतीकडे नेणाऱ्या वस्तूही ठेवल्या आहेत.

मनोरंजनाच्या दुनियेनं या खोल्यांतून किती उचललं, त्याचा माग काढणं हा माझ्यासारखीचा आवडता उद्योग. पेरी मेसन या कादंबऱ्यांतल्या वकिलाचा जन्मदाता अर्ल स्टॅन्ली गार्डनर बाईंच्या वर्गाला येऊन बसला आणि १९४९ ची एक कादंबरी त्यानं त्यांना अर्पण केली. हार्वर्डच्या त्या विभागाभोवती ‘मिस्टरी स्ट्रीट’ हा चित्रपट १९५० मध्ये आला. ‘सीएसआय’ या अमेरिकी गुन्हेतपास मालिकेच्या सातव्या मोसमात खुनी आपल्या खुनाची हुबेहूब छोटी प्रतिकृती घटनास्थळी ठेवून जातो, तोही याच खोल्यांचा दूरचा नातेवाईक. पण या नातेवाइकांत एक मोठा फरक पडत गेला. मालिकेत शेवटी खुनीच लक्षात राहतो. त्याचं हसू, त्याची हुशारी. प्रेत हे पहिल्या पाच मिनिटांचं काम.

इथे मात्र फक्त मेलेलं माणूस आणि त्याचं घर. तेही कुणाचं? बुटांच्या कारखान्यातला फोरमन, भाडेकरू बायका, दारुडे, वेश्या, एकट्या म्हाताऱ्या. ज्यांच्या मृत्यूचा निकाल घाईनं लावला तर विचारायला कुणी येणार नाही, अशी माणसं. गडगंज घरातल्या बाईनं त्यांच्या भिंतींचे पोपडे, उसवलेले पडदे, सिंकमधली भांडी महिनोन्‌महिने बसून बनवली. काहींना त्यात गरिबांच्या घरांत डोकावणारी श्रीमंत नजर दिसते, आणि तो आक्षेप मला सरसकट उडवून लावता येत नाही. तरीही टाचण्यांवर विणलेला तो मोजा पाहिल्यावर माझं मत बाईंच्या बाजूनं झुकलं.

प्रदर्शनाआधी जतनाचं मोठं काम झालं. जुने दिवे तापत आणि आतल्या वस्तूंना इजा होई, म्हणून ते काढून बारीक एलईडी बसवले. तेही असे की प्रत्येक खोलीत बाईंनी ठरवलेल्या वेळेचाच उजेड पडावा. कातडीवरचे डाग तेच पुरावे, त्यामुळे उजेडाची छटा बदलून चालणार नव्हतं.

आणि उत्तरं? ती कुठेही लावलेली नव्हती. लीबाई १९६२ मध्ये वारल्या, त्यानंतर काही वर्षांत हार्वर्डचा विभाग बंद पडला आणि खोल्या बॉल्टिमोरला मेरिलँडच्या मुख्य मेडिकल एक्झामिनरच्या कार्यालयात गेल्या. तिथे तपास अधिकाऱ्यांचे वर्ग अजूनही त्यांच्यावर घेतले जातात. पेपर अजून चालू आहे, मग उत्तरपत्रिका कशी फोडणार? माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका कॉलेजवयीन मुलानं रखवालदाराला हळूच विचारून पाहिलं, “तुम्हाला तरी माहीत असेल?” रखवालदार म्हणाला, रोज निदान दहा जण मला कुणाचा तरी खुनी सांगून जातात, आणि प्रत्येकाचा वेगळा असतो.